दोन नंबरचं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाहुणी आली. हे नाव हिने ठेवलं. फाटकात गाडी उभी राहिली तेव्हा ही ओट्यापाशी होती. तिथूनच विचारलं, "पाहुणी किती दिवस?" मी म्हटलं, तीन आठवडे.

रविवारच्या पुरवणीतलं गाड्यांच्या चाचणीचं सदर मी इतकी वर्षं लिहितो आहे की माझ्या लेखांची रद्दी झाली आणि त्या रद्दीचे पुठ्ठेही झाले असतील. छापायच्या लेखात संयम ठेवावा लागतो. म्हणून प्रत्येक गाडीसाठी मी अशी एक खासगी वही घालतो. इथे खरं लिहायचं.

तर खरं असं की, या वेळी माझा अपमान झालेला आहे. आमच्या नव्या संपादकबाई म्हणाल्या, "सर, इंजिनाची ताकद, वेग, ते सगळे लिहितात. तुम्ही रोजचं लिहा. पाण्याची बाटली कुठे राहते, भाजीची पिशवी वळणावर कलंडते का, गुडघे दुखणाऱ्या माणसाला नीट उतरता येतं का." मधल्या आकाराची आलिशान सेडान, सगळीकडे तिची चर्चा, आणि मी भाजीची पिशवी घेऊन बसायचं.

गाडी घेऊन कंपनीचा एक मुलगा आला होता. सूट, टाय आणि आवाज असा की लग्नघरात पान-सुपारी विचारतोय. त्याला मी टायवाला म्हणणार आहे. त्याने माहितीपत्रक दिलं. त्यात रंग 'गडद निळा' लिहिलाय. गाडी सरळ सरळ करडी आहे. कंपन्या हल्ली काहीही छापतात.

एक सोय मात्र चांगली आहे. दारावर एक, दोन, तीन अशी बटणं आहेत. आपण आपल्या सोयीने सीट आणि आरसे लावायचे आणि बटण दाबून ठेवायचं. मग पुढच्या वेळी गाडी आपल्याला ओळखते. मी एक नंबर घेतला. "घरात आणखी कोणी चालवतं का?" टायवाल्याने विचारलं. मी हसलो. हिला मी एकदा मोकळ्या मैदानात शिकवायला नेलं होतं. ही अर्ध्यातूनच उतरली आणि चालत घरी आली. हिचा स्वभावच गाडीचा नाही.

मग चष्मा आणायला आत गेलो. सापडायला वेळ लागला, कारण तो माझ्या डोक्यावर होता. बाहेर येतो तो टायवाला हिला बटणं समजावत होता आणि ही मान डोलावत होती. "मॅडमनी सगळं समजून घेतलंय, साहेब," तो म्हणाला. मुलगा सौजन्यशील आहे. कप कुठे ठेवायचा एवढं तरी हिला कळलं असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फेरी. सीट उत्तम. कंबर खूश. दार बंद होताना आवाज इतका मऊ येतो की ते लागलं की नाही म्हणून मी दोनदा उघडून पाहिलं. बाटलीची जागा सोयीची आहे. संपादकबाईंना ती मनासारखी मिळेल.

दोष: डॅशबोर्डवरचे आकडे फिकट आणि बारीक. हे आरेखन करणारी पोरं पंचविशीतली असणार, त्यांना आपल्यासारख्यांची काय फिकीर. दुसरं म्हणजे गाडी बडबडी आहे. फाटकातून आत घेताना सारखी ओरडते. मी डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणारा माणूस. मला खांब काय गाडीने दाखवायचा?

ही शेजारी बसली होती. गाडी ओरडायच्या आधीच ही म्हणाली, "खांब." म्हणजे गाडीत दोन सेन्सर झाले. एक कंपनीचा आणि एक घरचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळची चाचणी. निराशा. दिवे कमजोर आहेत. रस्ता उजळतो पण कडा विरघळल्यासारख्या दिसतात. समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांभोवती मोठं झुबकेदार फूल उमलतं आणि मग काही वेळ नुसतं फूलच दिसत राहतं. हा काचेचा दोष आहे. आलिशान गाडीला अशी काच बसवणं म्हणजे भरजरी पातळाला गोणपाटाचा काठ.

घरी आल्यावर हिने ओलं फडकं घेऊन काच पुसली, मग कोरड्याने पुसली आणि म्हणाली, "काच लख्ख आहे."

"मग दिवे."

"अहो, एकदा डोळे दाखवून या ना."

"चष्मा गेल्याच वर्षी बदलला."

"लेकीच्या लग्नाच्या वेळी बदलला," ही म्हणाली आणि फडकं पिळायला गेली.

लेकीच्या लग्नाला काही फार दिवस झालेले नाहीत. नात शाळेत जायला लागली असली तरी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डिकीची चाचणी. भाजीची पिशवी वळणावर कलंडली. टोमॅटो डिकीभर झाले. ही म्हणाली, "वळण घेताना पिशवीला आधी सांगायचं असतं." माझ्या वळणावर हा टोमणा होता हे नंतर जेवताना माझ्या लक्षात आलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गंभीर प्रकार. आज चहानंतर गाडीत बसायला गेलो तर सीट पुढे सरकलेली. गुडघे स्टिअरिंगवर आपटले. मागचं दाखवणारा आरसा माझ्या सदऱ्याचं बटण दाखवत होता. बाहेरचे दोन्ही आरसे खाली झुकलेले. मी एक नंबर दाबला तेव्हा सगळं गुपचूप जागेवर आलं, जणू काही झालंच नव्हतं.

सकाळी तर सगळं व्यवस्थित होतं. मध्ये फक्त माझं जेवण आणि दुपारची झोप. म्हणजे उभ्या गाडीची स्मरणशक्ती गेली. लेखात लिहिणार: 'आठवण ठेवण्याची सोय विश्वासार्ह नाही.'

हिला सांगितलं. "नवी जागा आहे तिला," ही म्हणाली, "रुळेल हळूहळू."

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच. शिवाय रेडिओ जुन्या गाण्यांवर लागलेला, आणि मी तर बातम्यांखेरीज काही लावत नाही. स्टिअरिंगला हिच्या हातांच्या मलमासारखा वास येतो. हल्ली कातड्याला सुगंध लावून देतात बहुधा.

सर्वांत विचित्र म्हणजे ही गाडी उभ्या उभ्या किलोमीटर खाते. सकाळी पाहिलेला आकडा आणि चहाच्या वेळचा आकडा जुळत नाही. पण आकडे इतके फिकट आहेत की सकाळी मीच चुकीचं वाचलं असण्याची शक्यता आहे. ती आकड्यांचीच चूक.

आणखी एक नोंद, ही माझ्या बाजूची. मी गाडी तोंड आत करून लावली असं मला आठवत होतं. प्रत्यक्षात ती तोंड बाहेर करून लावलेली होती, दोन्ही बाजूंना अगदी सारखी जागा सोडून. उलटी गाडी लावण्याचं कसब माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की लावल्याचं लक्षातही राहत नाही. स्वतःचं कौतुक करू नये, पण ही वही खासगी आहे.

हिची एक मैत्रीण चार-सहा महिन्यांपासून दुपारची येते. भारदस्त बाई, खणखणीत आवाज. आज झोपेतून उठताना तिचा आवाज फाटकातून ऐकू आला, "छान. आता माझी गरज नाही तुम्हाला." दोघींचं काही बिनसलं असावं. तिच्या छोट्या गाडीच्या छपरावर कसलीशी पाटी आहे, दुकानबिकान असेल. हिला विचारलं तर म्हणाली, "नाही हो, गोडीत आहोत."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

दिवेलागणीला आम्ही दोघं औषधं आणायला निघालो होतो. शाळेजवळच्या वळणावर गाडीने आपणहून करकचून ब्रेक लावला. मी लावला नाही. पट्टा छातीत रुतला, हिची पर्स खाली पडली, मागची गाडी भोंगा वाजवत राहिली. समोर रस्ता रिकामा होता.

मग रस्त्याच्या रिकाम्या जागेतून एक काठी वर झाली. काठीच्या खाली एक म्हातारा होता. करडा कोट, करडी टोपी, मागे करडी भिंत. त्याने काठी दोनदा हवेत हलवली आणि पलीकडे गेला. तो अचानक आला असणार.

हिने पर्स उचलली. घरी येईपर्यंत डाव्या हाताने दाराची मूठ धरून बसली होती. औषधं राहिलीच. घरी आल्यावर मी म्हटलं, "गाडी घाबरट आहे, उगाच ब्रेक मारते." ही म्हणाली, "तो पार मधोमध होता हो. मला लांबूनच दिसत होता."

लेखासाठी वाक्य तयार आहे: 'स्वयंचलित ब्रेक अकारण लागतो.' पण इथे खरं लिहायचं ठरलेलं आहे. गाडीने ब्रेक मारला नसता तर, हा विचार जात नाही. तो लेखात कुठेच बसत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. ही स्वयंपाकघरात जाऊन हळू बोलत होती. लेकीचा आवाज मात्र तिच्या आत्यावर गेलाय, तो फोनमधून बैठकीत येतो. "आई, बाबांना अजून सांगितलं नाहीस?" आणि थोड्या वेळाने, "आई, तू अगदी ग्रेट आहेस."

माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. दोघी मिळून काहीतरी शिजवतायत. मी काही ऐकलंच नाही असा चेहरा ठेवला. मला असे चेहरे चांगले जमतात. पाहुणी आली तेव्हापासून हिला दुपारची झोपही नको असते, चप्पल घालून कुठेतरी जाऊन येते, आणि चहाला बसते तेव्हा गाल लाल असतात. माझ्यासाठी उन्हातान्हात वणवण करते बिचारी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कच्चा लेख संपादकबाईंना पाठवला होता. त्यांचा फोन आला. आवाज फार गोड होता. गोड आवाजात त्या नेहमी वाईट बातमी देतात.

"सर, दिवे कमजोर लिहिलेत. बाकीच्या सगळ्यांनी या गाडीचे दिवे सगळ्यात चांगले म्हटलेत."

"बाकीचे कंपनीच्या खर्चाने जेवतात."

"ब्रेक अकारण लागतो, काच सदोष, सीट विसरते, रंगसुद्धा खोटा. सर, हे असं छापलं तर कंपनी पुरावा मागेल. तुमच्या नावावर लोक गाड्या घेतात, म्हणून विचारते. दुसऱ्या कोणी चालवून पाहिली का?"

मी म्हटलं, इतक्या वर्षांत माझ्या लेखाला दुसऱ्या कोणाची गरज पडलेली नाही. त्या म्हणाल्या, "बरं, सर. कंपनीकडून तपासून घेते. तोवर थांबवते." थांबवते. माझा लेख आजवर कोणी थांबवला नव्हता.

सगळं बाजूला ठेवून लिहायचं तर भीती डोळ्यांच्या डॉक्टरची नाही. भीती त्याच्या एका वाक्याची आहे. तो म्हणेल, गाडी चालवू नका. मग गाड्यांबद्दल मला कोण विचारणार? मी घरात वर्तमानपत्र वाचणारा आणखी एक माणूस होईन, आणि हल्ली वर्तमानपत्राची छपाईसुद्धा फिकट येते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टायवाला यंत्र घेऊन आला. गाडीला तारा जोडल्या, दिव्यांसमोर पडदा लावला, काचेवर बोट फिरवलं. सगळं ठीक निघालं. मी म्हटलं, "आणि सीट?"

"सीटची आठवण उत्तम आहे, साहेब. एक नंबरवर तुम्ही आहात. दोन नंबरवर..." इथे तो थांबला. ही चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. टायवाल्याने हिच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे पाहिलं. "दोन नंबरवरही कुणीतरी आहे, साहेब."

"कारखान्यात चाचणीला बाहुला बसवतात, तो असणार," मी म्हटलं. "बुटका दिसतोय."

"बुटका?" ही म्हणाली.

"साधारण तुझ्या उंचीचा."

टायवाल्याला ठसका लागला. त्याला पाणी दिलं. जाताना तो फाटकाशी हिला हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा आता." काय सांगायचं ते विचारणार होतो, पण तो सुसाट निघून गेला. गाडीची मुदत आठवडाभर वाढवून मिळाली आहे. मी मागितली नव्हती. कंपनी माझ्या लेखाला घाबरली, असं दिसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते शांतपणे आणि क्रमाने लिहायला हवं.

मागच्या सीटची चाचणी राहिली होती. म्हणून जेवणानंतर घरात न झोपता गाडीतच आडवा झालो. रोजच्या वापरात मागच्या सीटवर झोपणं येतंच. गुडघे थोडे मुडपावे लागतात, बाकी उत्तम. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी चालत होती.

प्रथम वाटलं, चोर. ओरडणार होतो, तेवढ्यात चोराच्या मानेवरचा अंबाडा दिसला. त्या अंबाड्यात पेन खोचलेलं होतं. किराण्याची यादी करताना हिला सुचत नाही तेव्हा ही पेन तिथे खोचते आणि मग घरभर शोधते.

मी श्वास रोखून पडून राहिलो. उठलो असतो तर ही दचकली असती, आणि चालत्या गाडीत चालकाला दचकवू नये हे मी निदान दहा लेखांत लिहिलं आहे. माझ्या अंगावर एक मऊ शाल होती, ती नाकापर्यंत ओढली. ही शाल कंपनीने मागच्या प्रवाशासाठी दिलेली दिसते. माहितीपत्रकात उल्लेख नाही, पण सोय कौतुकास्पद आहे. किंचित डांबरगोळ्यांचा वास येतो, तेवढं सांगावं लागेल.

मग मी दुसरं काही करता येईना म्हणून चाचणी घेतली. डोळे मिटून, पोटाने आणि पाठीने. वळण आलं, माझं डोकं जागचं हललं नाही. खड्डा आला, गाडी आधी हळू झाली आणि मग खड्ड्यातून गेली. थांबताना पाणी हिंदकळणार नाही इतकी अलगद थांबली. एकदा कुणाला तरी वाट दिली असावी, कारण ही काचेतून म्हणाली, "या, या, सावकाश." मी दोष शोधत होतो. माझं कामच ते. सापडला नाही.

गाडी चढावर चढली, वळली, उलटी मागे आली आणि एका झटक्यात जागेवर लागली. सेन्सर एकदाच वाजला, तोही ओशाळल्यासारखा. मी एक डोळा किलकिला केला. समोर मोठी पाटी होती आणि तिच्यावर मोठा थोरला डोळा रंगवलेला होता. तेवढा मलाही दिसला.

ही उतरली नाही. गाडी बंद केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि बोलू लागली. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे मी होतो, पण तिला ठाऊक नव्हतं.

"अहो, रागावू नका. मी गाडी शिकले. लायसन पण मिळालं. तुम्हाला दाखवून द्यायला नाही शिकले. तुमच्या डोळ्यांत थेंब टाकतील, मग घरी कसं यायचं, हे तुम्ही मला तीन वेळा विचारलंत. म्हणून शिकले. हा रस्ता मी रोज दुपारी पाठ केलाय. हा चढ, हे वळण, इथली गाडी लावायची जागा. आता माझं काही चुकत नाही." मग जरा थांबली. "तो काठीवाला मला दिसला आणि तुम्हाला नाही दिसला. तेव्हापासून मला झोप नाही. मला भीती वाटते हो. तुम्ही गाड्यांवर लिहा, आयुष्यभर लिहा. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसून नावं ठेवा."

एवढं बोलून झाल्यावर हिने तेच सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. पाठांतर पक्कं करत असावी.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शालीने पुसलं. शाल पाणी चांगलं टिपते.

येताना मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. घरी आल्यावर ही गाडीला कुलूप लावायला विसरली आणि सरळ आत गेली, म्हणून माझी सुटका झाली. थोडा वेळ बागेत झाडं पाहिली आणि मग आत गेलो. चहा तयार होता. दोन कप काढलेले होते. हिला काही म्हणजे काही कळलेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी मी सहज सुचल्यासारखं म्हटलं, "एकदा डोळे दाखवून घ्यावेत म्हणतो."

ही कपबशी विसळत होती. हात थांबला नाही. "उद्याची वेळ घेतलीय," म्हणाली.

"उद्याचीच कशी?"

"मिळाली."

"आणि थेंब टाकल्यावर घरी कसं यायचं?" मी विचारलं. हा प्रश्न मी मुद्दामच विचारला. तिने एवढं पाठ केलेलं होतं, ते म्हणायची संधी तिला मिळायला हवी होती.

पण तिने त्यातलं एक अक्षर म्हटलं नाही. हात पुसले, टेबलावरची किल्ली उचलून पदरात घेतली आणि म्हणाली, "येऊ."

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिकून गेलाय अगदी. इतके दिवस चालवत होतात?" मी म्हटलं, "गाडी बरीचशी स्वतःच चालते." त्यांना हे आवडलं नाही. ऑपरेशन होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ते वाक्य त्यांनी उच्चारलं आणि मी खुर्चीतच होतो, पडलो नाही. उजवा डोळा पुढच्या गुरुवारी. डावा नंतर.

बाहेर आलो तेव्हा थेंबांमुळे सगळं दुधात बुडालेलं होतं. ही चालकाच्या दाराशी गेली. मी आश्चर्याचा अभिनय केला. भुवया वर, तोंड उघडं, "तू? आणि गाडी?"

"बसा," ही म्हणाली. "भुवया खाली घ्या, थेंब ओघळतील."

शेजारच्या सीटवर मी आयुष्यात फारसा बसलेलो नाही. इथून दिसणारी गाडी वेगळीच असते. पायाखाली ब्रेक नसतो आणि पाय तरी दाबत राहतो. ही इतकी वर्षं हेच करत होती.

संपादकबाईंना मीच फोन केला. म्हटलं, "तो लेख फाडून टाका. दोष गाडीत नव्हते." त्यांनी 'बरं, सर' एवढं म्हटलं. मग म्हणाल्या, "सर, नवा लेख दोघांचा चालेल का? एक चालवणारा, एक शेजारी बसणारा. असं सदर कुणाकडेच नाही." हे गोड आवाजात नव्हतं, साधं बोलल्या. मी म्हटलं, चालवणाऱ्यांना विचारून सांगतो.

चालवणाऱ्यांना विचारलं. गाडीचा काही दोष सांग, म्हटलं.

"शेजारचा प्रवासी फार सूचना करतो," ही म्हणाली. "तो बदलून मिळत असेल तर बघा."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल ऑपरेशन. आज पट्टी काढली. या पानावर अक्षरं पूर्वीपेक्षा बारीक काढतोय, कारण ती मला दिसतायत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, तुमच्या भिंतीला पोपडे आलेत. त्या म्हणाल्या, ऑपरेशन चांगलं झालं.

जिना उतरून खाली आलो आणि थबकलो. समोर आमच्या जागी एक निळी गाडी उभी होती. निळी म्हणजे शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी. मी हिला म्हटलं, "आपली गाडी कुठाय? तिथे कुणीतरी दुसरीच लावलीय." हिने माझा कोपर धरला आणि त्या निळ्या गाडीचं दार उघडलं.

हिच्याकडेही पाहिलं. कानाजवळचे केस पांढरे कधी झाले ते मला माहीत नव्हतं. हिच्या चेहऱ्यावर बारीक रेघा आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा हसण्याच्या आहेत. मी पाहत राहिलो तेव्हा ही म्हणाली, "काय बघताय?" म्हटलं, चाचणी घेतोय. "दोष?" तिने विचारलं. म्हटलं, अंबाड्यात पेन राहिलंय.

ही बसली. दोन नंबरचं बटण दाबलं. सीट हलकेच पुढे सरकली, आरसे झुकले, रेडिओवर जुनं गाणं सुरू झालं. पट्टा ओढायला मी मागे वळलो, तेव्हा मागच्या सीटवर नीट घडी करून ठेवलेली ती शाल दिसली. कंपनीची शाल. जांभळी, आणि काठाला पिवळी नक्षी. एका कोपऱ्यात रफू केलेलं. ते रफू हिच्या हातचं आहे. ही शाल लेकीने पहिल्या पगारातून मला आणली होती आणि ती आमच्या कपाटात वरच्या फळीवर डांबरगोळ्यांत ठेवलेली असते. त्या दुपारी मी गाडीत गेलो तेव्हा ती माझ्याबरोबर नव्हती.

मी पुन्हा पुढे तोंड करून बसलो. गाणं संपू दिलं.

"मी झोपेत घोरतो का गं?" मग विचारलं.

"त्या दिवशी फाटकापर्यंत आवाज येत होता," ही म्हणाली, आणि आरशात बघून गाडी बाहेर काढली.

घरी आल्यावर नव्या लेखातलं शालीचं वाक्य खोडलं. बाकी लेख तिला वाचून दाखवायचा आहे.